कूलंट बदलताना रंग बघू नका, कॅन वाचा

दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात खंबाटकी चढताना आमच्या गाडीचा टेंपरेचरचा काटा लालला टेकला. बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, पाऊण तास बसून राहिलो. रेडिएटरचं झाकण मात्र उघडलं नाही. गरम इंजिनावर तुम्हीही कधीच उघडू नका, आतलं पाणी दाबाने थेट तोंडावर उडतं. गार झाल्यावर पाहिलं तर आत तांबूस पाणी. कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीतली पातळी उतरली की मी घरच्या बोअरचं पाणी ओतत होतो. त्यातले क्षार गिझरच्या कॉइलवर बसतात तसेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि कूलंटमधलं गंज रोखणारं द्रव्यही पातळ होत जातं.

हिरवा, लाल, निळा हे रंग कंपनीने घातलेले असतात, त्यावरून प्रकार ठरत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच कॅनवर शोधा. ‘रेडी टू यूज’ असेल तर पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात तेच. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग पाणी गोठू न देणारं कूलंट कशाला, असं बरेच जण म्हणतात. पण हे निम्मं-निम्मं मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळतं आणि झाकणाच्या दाबामुळे त्याहूनही वर. घाटात तेच कामी येतं.

बदलायचं सकाळी, रात्रभर गार झालेल्या इंजिनावर. खाली टब ठेवून रेडिएटरच्या तळाचा ड्रेन कॉक (तोटी) उघडा, तो नसेल तर खालचा होज (रबरी नळी) काढा. मग डिस्टिल्ड वॉटर भरून वरचा होज तापेपर्यंत इंजिन चालवा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा काढा. मला स्वच्छ पाणी यायला तीन खेपा लागल्या.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. धुतल्यावर बरंच पाणी इंजिन ब्लॉकमध्ये राहतं. म्हणून अशा वेळी कॉन्सन्ट्रेटच घ्या. मॅन्युअलमधल्या एकूण क्षमतेच्या निम्मं ते आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा.

हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा. बुडबुडे येऊन पातळी उतरेल तसं घालत राहा, ते थांबले की झाकण लावा. पातळी वर उसळली तर इंजिन लगेच बंद. दुसऱ्या दिवशी गार गाडीत पातळी बाटलीवरच्या मिन-मॅक्स खुणांमध्ये आहे का ते तपासा.

जुनं कूलंट गटारात नको. ते चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांच्या किडन्या जातात. आमच्या पार्किंगमध्ये दोन कुत्री झोपतात, म्हणून टब भरला की मी आधी कॅनमध्ये ओतून झाकण लावतो, मगच पुढच्या कामाला हात घालतो.