घरी बांधलेल्या विमानाच्या पुश-रॉडमधील छुपा गंज कसा शोधावा

स्टिकची (वैमानिकाच्या हातातील दांड्याची) हालचाल एलेव्हेटर (शेपटीवरील हलती फळी) आणि एलेरॉनपर्यंत (पंखांवरील हलत्या फळ्या) पोहोचवणारा पुश-रॉड म्हणजे बहुधा ॲल्युमिनियमची पोकळ नळी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पोलादी तुकडे रिव्हेटने बसवलेले असतात. ही नळी बंद दिसते, पण हवाबंद नसते. कराडला शेडचे पत्रे दुपारी तापले की आतली हवा रिव्हेटच्या फटींतून बाहेर पडते, आणि पहाटे कृष्णाकाठी धुके उतरले की त्याच फटींतून दमट हवा आत ओढली जाते. तिचे पाणी पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यात साठते, आणि असे दोन धातू ओले झाले की झीज ॲल्युमिनियमची होते. बाहेरचा रंग मात्र तुकतुकीत राहतो.

तपासणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात करावी. रॉडची लांबी पक्की धरणारा लॉकनट सैल करण्यापूर्वी रॉडची लांबी आणि बाहेर दिसणारे आटे वहीत नोंदवावेत. हा कंटाळा केला तर पुढचे जुळवणीचे काम दुप्पट होते. रॉड सोडवून कानाशी हलवावा, आत काही खुळखुळते का ते ऐकावे. रिव्हेटभोवती पांढरी पूड, तांबूस ओघळ किंवा रंगाचा फुगवटा दिसला, तर एका टोकाचे सर्व रिव्हेट भोके न वाढवता ड्रिलने काढावेत, पोलादी तुकडा बाहेर घ्यावा आणि मोबाइलला जोडता येणारा बोअरस्कोप (बारीक वायरच्या टोकाचा कॅमेरा) नळीत शेवटपर्यंत घालावा. आत खड्डे पडलेले आढळले, तर नळी नवीनच करावी. तिची भिंत अनेकदा जेमतेम मिलिमीटरभर असते आणि घासून रंगवल्याने गेलेली जाडी परत येत नाही.

रॉडऐवजी किंवा रॉडबरोबर तारेची केबल असल्यास तिचा ताण उतरवून, पुलीवर येणारा भाग वाकवून पेडांच्या आत पाहावे आणि त्यावरून फडके फिरवावे, उघडा हात नव्हे. फडके अडकले, तर तार तुटलेली आहे. आतून गंज निघाला, तर केबल बदलावी.

पुन्हा जोडताना नळीत एपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा अस्तराचा रंग) ओतून ती सर्व बाजूंनी फिरवावी, उरलेला निथळू द्यावा, पोलादी तुकड्यालाही तोच लावून तो ओला असतानाच रिव्हेट मारावेत. ॲल्युमिनियम घासायला पोलादी तारांचा ब्रश वापरू नये, कारण त्याचे कण रुतून तेथेच नवा गंज सुरू होतो. उसाच्या पट्ट्यात विमानाच्या शेडमध्येच खताची पोती ठेवण्याचा मोह होतो, पण पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला खड्डे पाडते. उंदरांचे मूत्रही तितकेच घातक असते.

शेवटी नोंदीप्रमाणे लांबी जुळवून, लॉकनट आवळून, स्टिक पूर्ण डावीकडे न्यावी. डावे एलेरॉन वर आणि उजवे खाली गेले पाहिजे. स्टिक मागे ओढल्यावर एलेव्हेटर वर उचलला गेला पाहिजे. हीच तपासणी, या कामाला हात न लावलेल्या दुसऱ्या जाणकाराकडून, उड्डाणापूर्वी पुन्हा करून घ्यावी.