चाम लिपी युनिकोडमध्ये टाइप करताना: डोळ्यांचं ऐकू नका

चाम ही व्हिएतनाम आणि कंबोडियातल्या चाम लोकांची लिपी. ती टाइप करायला नोटो सान्स चाम हा फॉन्ट घ्या, फाइल यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) मध्ये ठेवा. चामचा तक्ता २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आला: संकेतांक एए०० ते एए५एफ (म्हणजे AA00 ते AA5F), एकूण ८३ चिन्हं. त्यातली वळणं व्हिएतनाममधल्या निन्ह थुआन-बिन्ह थुआन भागातल्या चाम लोकांची आहेत. कंबोडियातल्या चामांची वेगळी. इथे त्यांचा विचार नाही.

आता खरी गोम. 'दिसतं त्या क्रमाने टाइप करा' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी ऐकलं आणि अख्खी शब्दसूची पुन्हा टाइप केली. तीन चिन्हं अक्षराच्या डावीकडे उमटतात: ओ (एए२एफ), ऐ (एए३०) आणि जोडाक्षरातला र (एए३४). तरीही टाइप अक्षरानंतरच करायची. 'कि'ची वेलांटी आपण 'क'नंतरच देतो ना? तसंच. आधी व्यंजन, मग जोडाक्षराचं चिन्ह, मग स्वर, शेवटी अंत्य व्यंजन. 'क्र'साठी एए०६, मग एए३४. मध्ये काही नाही.

चूक शब्दाच्या सुरुवातीला झाली तर टिंबांचं वर्तुळ दिसतं, ते बरंच. मधे झाली तर चिन्ह गुपचूप मागच्या अक्षराला जाऊन चिकटतं, आणि लिपी न जाणणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून बॅकस्पेस एकदा दाबून पाहा. बहुतेक एडिटरांत डावीकडचं चिन्ह गेलं आणि अक्षर राहिलं तर क्रम बरोबर. अक्षरच गेलं तर उलटा.

मराठी माणूस दुसऱ्यांदा अडकतो तो हलन्त शोधताना. तो इथे नाहीच. शब्दाच्या शेवटच्या क्, त्, न् यांना स्वतंत्र संकेतांक आहेत (एए४० ते एए४डी). तिथे पूर्ण 'क' टाकलात तर तो 'क' असाच वाचला जाणार, आणि नंतर कुणी तो शब्द शोधला तर सापडणार नाही. अंत्य ङ् मात्र दोन आहेत: एए४२ हे अक्षर, एए४३ हे डोक्यावरचं चिन्ह. मूळ प्रतीत जे असेल तेच ठेवा, आपलं शहाणपण नको.

ङ, ञ, न, म यांची तक्त्यात दोन-दोन अक्षरं आहेत. ती छपाईची चूक नाही: एकात 'अ' अंगभूत, दुसऱ्यात वेगळा स्वर.

अंक एए५० पासून सरळ ओळीने आहेत.