स्वतःच्या तब्येतीला मार्क देताय? मग या चुका टाळा

आमच्या शेजारच्या मावशी विड्या वळतात, सूप मांडीवर आणि दिवसभर मान खाली. परवा त्यांच्याजवळ बसून तब्येतीचा कागद भरला. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्य खात्यानं असा कागद केलाय, त्याचंच मराठी करून घेतलं होतं. शरीर, मन आणि रोजचं जगणं कसं चाललंय याला १ ते ५ मार्क द्यायचे, मग हालचाल, खाणंपिणं, झोप, घर-परिसर, माणसं, श्रद्धा अशा आठ गोष्टींना आज किती आणि किती व्हायला पाहिजे असे दोन-दोन आकडे. मावशींनी शरीराला थेट ५ दिले, का तर "शुगर नॉर्मल आली की ओ!"

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. रिपोर्टमध्ये मान दुखणं येत नाही, रात्री तीनदा जाग येणं येत नाही. नुसता आजार नसणं म्हणजे आरोग्य नाही, शरीर, मन आणि माणसांतलं जगणं तिन्ही ठीक पाहिजे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासूनच्या घटनेतच लिहिलंय.

दुसरं म्हणजे घरच्यांसमोर भरू नका. सून शेजारी होती तोवर मावशींचं सगळं ४ आणि ५, ती नळाला पाणी आलं म्हणून उठली आणि मावशी हळूच म्हणाल्या, "झोपेला २ लिही, माणसांना पण २. पोरगा पुण्याला गेल्यापासून बोलायला कोण नाय बघ." मला खरंच भरून आलं.

एका दिवसावरून पण मार्क देऊ नका, मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत लाईट गेलेल्या रात्रीनंतर कुणीही १ च देणार, म्हणून मागचे दोन आठवडे डोळ्यासमोर आणा.

आणि मार्कांच्या आधी कागदावर असलेला पहिला प्रश्न सोडू नका, तब्येत चांगली पाहिजे ती कशासाठी? लोक हाच कोरा ठेवतात आणि मग आठही गोष्टी एकदम बदलायला जातात, चार दिवसात सगळं बंद. मावशींचं उत्तर होतं, जानेवारीत नातवाचा हात धरून गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, फिरायचाय. मग एकच ठरवलं, संध्याकाळी शेजारणीसोबत सिद्धेश्वर तलावापर्यंत चालत जायचं. त्यात हालचाल पण आली, माणसं पण आली, दर्शन पण झालं.

मार्क चांगले आले म्हणून गोळ्या बंद करू नका, कमी आले तर कागद डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. जगणं नको वाटत असेल तर मार्कांचा विचार सोडा आणि लगेच टेली-मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनला, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, रात्री पण उचलतात.

पुढचा कागद पौर्णिमेला. आकडे मावशी स्वतःच लिहिणार आहेत, मी नुसती चहाला जाणार.