रुंद मानेचा अ‍ॅन्युरिझम: कॅथलॅबमध्ये नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातून न्यूरोइंटरव्हेन्शनच्या (रक्तवाहिनीतून नळी नेऊन मेंदूच्या वाहिन्यांवर उपचार करण्याच्या) फेलोशिपला निघालेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. अँजिओ वाचता येतो, कॉइल (फुग्यात भरायची बारीक तार) माहीत आहे, असं धरून चालतो. अ‍ॅन्युरिझम म्हणजे मेंदूच्या वाहिनीच्या भिंतीला आलेला फुगा. त्याचं तोंड ती मान, वरचा भाग तो घुमट. मान ४ मिलीमीटर किंवा जास्त, नाहीतर घुमट आणि मान यांचं गुणोत्तर २ पेक्षा कमी, की तो रुंद मानेचा. नुसती कॉइल तिथं ठरत नाही, मूळ वाहिनीत उतरते.

डिव्हाइस कोणतं, यावर परिषदांत वाद रंगतात. नवख्यानं त्यात फार गुंतू नये. फुटलेला असेल तर दोन-दोन अँटिप्लेटलेट (गुठळी रोखणाऱ्या गोळ्या) लागणारं काही शक्यतो नको. मानेपाशी बलून लावून कॉइल, नाहीतर वेब (फुग्याच्या आत बसणारी जाळीची टोपली). न फुटलेला, कॅरोटिडच्या (गळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या) बाजूच्या भिंतीवरचा मोठा असेल तर फ्लो डायव्हर्टर, म्हणजे मूळ वाहिनीत मानेवरून बसवायची दाट जाळी. २०११ मध्ये अमेरिकेत पाइपलाइन या फ्लो डायव्हर्टरला मान्यता मिळाली ती अशाच अ‍ॅन्युरिझमसाठी. वाहिनीच्या दुफाट्यावर असेल तर वेबचा विचार करा. त्याची मापं काटकोनातल्या दोन व्ह्यूंमध्ये घ्यायची, रुंदीत साधारण १ मिलीमीटर वाढवायचा, उंचीत तेवढाच कमी करायचा. थ्रीडीचा थ्रेशोल्ड हलवला की मान लहानमोठी दिसते, म्हणून एकट्या थ्रीडीवर विसंबू नका.

आता स्लॅक, म्हणजे कॅथेटरमध्ये साठलेली ढील. नवख्याचा घात इथंच होतो.

सायफनच्या (कवटीतल्या कॅरोटिडच्या) वळणातून मायक्रोकॅथेटर, म्हणजे बारीक नळी, आतल्या वायरवरून पुढे नेताना हाताशी २ सेंटीमीटर आत जातं आणि टोक जागचं हलत नाही. ते २ सेंटीमीटर गेले कुठं? कॅथेटर वळणाच्या बाहेरच्या भिंतीला जाऊन टेकलंय, त्यात ताण साठलाय. स्क्रीनवर सगळं शांत दिसतं. मग तुम्ही वायर काढायला घेता, साठलेला ताण मोकळा होतो आणि टोक पुढं उडी घेतं. ते फुग्यात असेल तर घुमट फाडून बाहेर.

म्हणून वायर काढण्याआधी कॅथेटर अगदी हळू मागं घ्या, टोक मागं हलायच्या बेतात येईपर्यंत. मग एका हातानं कॅथेटर धरून दुसऱ्या हातानं वायर काढा, नजर रोडमॅपवरच्या (स्क्रीनवरच्या वाहिन्यांच्या नकाशावरच्या) टोकावर. शेवटचे काही सेंटीमीटर सगळ्यात सावकाश. टोक घुमटाला टेकलेलं नको, मधोमध मोकळं हवं. पहिली कॉइल भरण्याआधी हे पुन्हा तपासा, प्रत्येक कॉइलनंतर पुन्हा. कंटाळा आला तरी.

फ्लो डायव्हर्टरमध्ये हाच ताण वेगळ्या रूपात भेटतो. नुसतं कॅथेटर मागं घेत उघडलं तर जाळी ताणून अरुंद होते, भिंतीला बसत नाही. नुसतं ढकललं तर सगळी सिस्टीम रुंद मानेतून फुग्यात कोसळते. थोडं ढकलायचं, थोडं मोकळं करायचं, आळीपाळीनं. आणि कॉलिमेशन (एक्स-रेची चौकट) इतकं घट्ट करू नका की डिलिव्हरी वायरचं पुढचं टोक चित्राबाहेर जाईल. ते बारीक फांदीत शिरून भोक पाडतं.

हे वाचून घाबरू नका. हा ताण सिलिकॉन मॉडेलवर बोटांना कळू शकतो, भरपूर सराव करा. भोक पडलंच तर कॅथेटर ओढून काढायचं नाही. आहे तिथंच ठेवा, बलून असेल तर फुगवा, हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, उलटवा (दर १०० युनिटला १ मिलिग्रॅम प्रोटामिन) आणि कॉइल भरत राहा. प्रोटामिनची सिरिंज नाव चिकटवून आधीच तयार हवी.

शिक्षक निवडताना केसेसचा आकडा बघू नका. तुमच्या हातात कॅथेटर देऊन शेजारी न ओरडता उभा राहणारा माणूस शोधा. कंपनीचा प्रतिनिधी डिव्हाइस उत्तम ओळखतो. पण माप ठरवणं त्याच्यावर सोडणं हा शॉर्टकट पेशंटला महाग पडतो.

कॅथेटरमधून सतत सोडायच्या फ्लशच्या सलाइन बॅगेवर ३०० मिलीमीटर पाऱ्याचा दाब ठेवा आणि ती रिकामी होण्याआधी बदला, नाहीतर हवा थेट मेंदूत.

गोळ्यांचं मात्र नीट ऐका. फ्लो डायव्हर्टर बसवायचा तर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल आधी काही दिवस सुरू करतो, पण क्लोपिडोग्रेल सगळ्यांना लागू पडत नाही. प्लेटलेटची तपासणी करा, गरज पडली तर टिकाग्रेलॉर. आजरा, गगनबावड्याकडचा पेशंट घरी गेला की दात काढायच्या निमित्तानं गोळ्या बंद होतात आणि जाळीत गुठळी धरते. डिस्चार्जच्या कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा, आणि सोबतच्या नातेवाइकाला समोर बसवून त्याच्याच बोलीत सांगा: "मामा, कुठल्याबी डॉक्टरनं सांगू दे, आमास्नी इचारल्याबिगर गोळी बंद करायची न्हाई." मग तेच त्यांच्याकडून वदवून घ्या आणि फोन नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये तिथंच सेव्ह करून द्या.