रेल्स ॲप लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर पडतं : बिघाड कसा शोधावा

मार्च २०२१ मध्ये जगभरच्या असंख्य रेल्स (रुबी भाषेत वेब ॲप बनवायची चौकट) प्रोजेक्टांत ‘बंडल इन्स्टॉल’, म्हणजे ॲपला लागणारी जेम्स (तयार लायब्ऱ्या) बसवणं, अचानक फसू लागलं. कोणी कोडची एक ओळही बदलली नव्हती. कारण ‘माइममॅजिक’ नावाच्या एका छोट्या जेममध्ये निघालं. त्यात जीपीएल या कडक अटींच्या परवान्याची एक फाइल होती, आणि जेम मात्र सैल एमआयटी परवान्याखाली दिलं जात होतं. ही गोष्ट लक्षात आल्यावर त्याच्या जुन्या आवृत्त्या रुबीजेम्स या जेम्सच्या साठ्यावरून मागे घेतल्या गेल्या. रेल्सच्या ॲक्टिव्ह स्टोरेज या भागाला ‘मार्सेल’ हे जेम लागायचं आणि मार्सेलला माइममॅजिक. ज्यांनी हे नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं, त्यांचंही डिप्लॉय (ॲप सर्व्हरवर चढवणं) अडकलं. रेल्सच्या ५.२.५, ६.०.३.६ आणि ६.१.३.१ या आवृत्त्यांत ही साखळी तोडली गेली, तेव्हा गाडी रुळावर आली.

म्हणून ‘मी काहीच बदललं नाही’ असं कोणी म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. त्याने बदललं नसेल, पण कुठेतरी काहीतरी बदललेलं आहे. जिथे ॲप चालतं आणि जिथे चालत नाही, त्या दोन ठिकाणांत नेमका फरक काय, एवढाच प्रश्न सोडवायचा असतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने जातात.

पायरी १ : गाडी कुठल्या स्टेशनावर थांबली ते ठरवा

डिप्लॉय म्हणजे पाच वेगवेगळी कामं असतात: जेम्स बसवणं, ॲसेट्स (सीएसएस, जावास्क्रिप्ट) प्रिकंपाइल करणं म्हणजे आधीच बांधून ठेवणं, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) चालवणं, ॲप बूट होणं आणि बाहेरची रिक्वेस्ट ॲपपर्यंत पोहोचणं. यातलं कुठलं फसलं ते आधी कागदावर लिहा. जेम बसत नसताना एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग उघडून बसण्यात अर्थ नाही.

लॉग खालून वर वाचायची सवय अनेकांना असते. शेवटची ओळ बहुतेक वेळा ‘रेक अबॉर्टेड’ किंवा ‘कमांड फेल्ड’ एवढंच सांगते, आणि तीच सर्च करून तास निघून जातात. वर जा आणि पहिला एरर गाठा. ‘कॉज्ड बाय’ असं लिहिलेलं असेल, तर त्याखालचा मजकूर जास्त महत्त्वाचा. मी अजूनही लॉग आधी फाइलमध्ये साठवतो आणि मगच वाचतो. टर्मिनलमध्ये पळणाऱ्या ओळींतून पहिला एरर हमखास निसटतो.

पायरी २ : दोन्हीकडच्या आवृत्त्या शेजारी मांडा

रुबी, बंडलर (जेम्स बसवणारं साधन), नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं), ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसरचा प्रकार, हे दोन्ही मशीनवर तपासा. इथे एक फसवी जागा आहे. तुम्ही एसएसएचने सर्व्हरवर जाऊन रुबीची आवृत्ती विचारता आणि ती बरोबर येते. पण सिस्टिमडी (सर्व्हिस चालवणारा) किंवा क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) तुमच्या शेलची स्टार्टअप फाइल वाचत नाहीत, त्यामुळे आरबीएनव्हीने (रुबीच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) लावलेला पाथ त्यांना माहीतच नसतो. ते थेट सिस्टिमची जुनी रुबी उचलतात, किंवा ‘बंडल: कमांड नॉट फाउंड’ म्हणून थांबतात. सर्व्हिस फाइलमध्ये आरबीएनव्हीच्या शिम्सचा (योग्य रुबीकडे वळवणाऱ्या छोट्या स्क्रिप्टांचा) पूर्ण पाथ द्या. आणि आवृत्ती विचारायची तर ज्या युजरखाली ॲप चालतं, त्याच युजरकडून विचारा.

पायरी ३ : लॉकफाइल

निम्म्याहून जास्त वेळ इथेच द्यावा असं माझं मत आहे. जेमफाइलमध्ये तुमची इच्छा लिहिलेली असते, जेमफाइल.लॉकमध्ये प्रत्यक्षात काय ठरलं ते. ॲपसाठी ही लॉकफाइल गिटमध्ये असलीच पाहिजे. नसेल, तर प्रत्येक सर्व्हर स्वतःच्या मनाने नवीन आवृत्त्या निवडतो.

जानेवारी २०२५ मध्ये याचा चांगलाच प्रत्यय आला. ‘कन्करंट-रुबी’ या जेमच्या १.३.५ आवृत्तीने आतून ‘लॉगर’ (नोंदी लिहिणारी लायब्ररी) लोड करणं बंद केलं. रेल्स ७.० आणि त्याआधीच्या आवृत्त्या लॉगर आपोआप आलेलाच असेल असं गृहीत धरून होत्या, त्यामुळे त्या बूट होतानाच ‘अनइनिशियलाइज्ड कॉन्स्टंट’ म्हणत पडू लागल्या. ज्यांची लॉकफाइल १.३.४ वर बांधलेली होती, त्यांना त्या दिवशी काही जाणवलंही नाही. अशा ॲपवर आजही दोन उपाय चालतात: कॉन्फिगमधल्या बूट फाइलमध्ये ‘लॉगर’ आधी रिक्वायर करणं, नाहीतर कन्करंट-रुबी १.३.४ वर रोखून ठेवणं. पहिला बरा, कारण दुसरा काही महिन्यांनी का केला होता ते कोणालाच आठवत नाही.

लॉकफाइलच्या नेहमीच्या तक्रारी अशा:

प्लॅटफॉर्म जुळत नाही. ॲपल चिपच्या मॅकवर तयार केलेल्या लॉकफाइलमध्ये फक्त ‘एआरएम६४-डार्विन’ नोंदलेलं असतं आणि सर्व्हर लिनक्स असतो. बंडलर हे स्पष्ट सांगतो. ‘बंडल लॉक --ॲड-प्लॅटफॉर्म एक्स८६_६४-लिनक्स’ ही कमांड लॅपटॉपवर चालवा आणि बदल कमिट करा. सर्व्हरवर जाऊन हाताने दुरुस्त करू नका, पुढच्या डिप्लॉयला तो बदल पुसला जाईल. कंटेनर अल्पाइन या छोट्या लिनक्सवर असेल तर प्लॅटफॉर्मचं नाव वेगळं, ‘मसल’वालं लागतं, कारण अल्पाइनची सी लायब्ररी निराळी आहे.

मर्ज कॉन्फ्लिक्ट. लॉकफाइलमधला कॉन्फ्लिक्ट ओळ ओळ हाताने जुळवू नका. मुख्य ब्रँचची लॉकफाइल जशीच्या तशी घ्या, जेमफाइल नीट जुळवा आणि ‘बंडल इन्स्टॉल’ चालवा. बंडलर उरलेलं स्वतः करतो.

आवृत्त्यांचा पेच. ‘व्हर्जन सॉल्व्हिंग हॅज फेल्ड’ असा एरर दिसला की घाबरायला होतं, पण बंडलर २.४ पासून हा मजकूर साखळीसारखा वाचता येतो: अमुक जेमला तमुक हवं, तमुकला रेल्स ७ च्या खालचं हवं, आणि तुम्ही रेल्स ८ मागितलंय. साखळीतलं जे जेम सगळ्यात मागे पडलंय ते शोधा. त्याची नवी आवृत्ती आहे का ते पाहा. नसेल तर ते जेम आपल्याला खरंच हवंय का, हा प्रश्न विचारायची हीच वेळ. जेमफाइलमधल्या ‘~>’ या चिन्हाकडेही लक्ष द्या. ‘~> ७.०.४’ म्हणजे ७.१ च्या आत राहा, आणि ‘~> ७.०’ म्हणजे ८ च्या आत. एका टिंबाने एवढा फरक पडतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पेच सुटत नाही म्हणून लॉकफाइल डिलीट करून नव्याने बनवू नका. मी एकदा ते केलं होतं. एक अडलेलं जेम सुटलं, पण सोबत चाळीसेक जेम्स पुढे सरकली, आणि नंतरचा आठवडा कुठल्या जेमने काय बदललं ते शोधण्यात गेला. नुसतं ‘बंडल अपडेट’सुद्धा तेच करतं. जेमचं नाव द्या आणि ‘--कन्झर्व्हेटिव्ह’ जोडा, म्हणजे बाकीचं जागच्या जागी राहतं.

पायरी ४ : नेटिव्ह एक्स्टेन्शन बांधलं जात नाही

‘फेल्ड टू बिल्ड जेम नेटिव्ह एक्स्टेन्शन’ दिसलं, तर रुबीत काही चुकलेलं नसतं. त्या जेमचा काही भाग सी भाषेत असतो आणि तो कंपाइल करायला लागणारी हेडर फाइल सापडत नसते. डेबियन किंवा उबुंटूवर ‘पीजी’साठी (पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणारं जेम) ‘लिबपीक्यू-डेव्ह’, ‘मायएसक्यूएल२’साठी ‘डिफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह’, ‘साइक’साठी (यामल वाचणारं जेम) ‘लिबयामल-डेव्ह’ आणि सगळ्यांसाठी ‘बिल्ड-इसेन्शियल’ लागतं. नक्की काय हवंय ते एररमध्ये पाथ दिलेल्या ‘एमकेएमएफ.लॉग’मध्ये लिहिलेलं असतं. तो लॉग उघडणारे थोडेच, पण उत्तर तिथेच असतं.

डॉकरमध्ये याचं दुसरं रूप भेटतं. इमेज दोन टप्प्यांत बांधली असेल, तर पहिल्या टप्प्यात जेम नीट कंपाइल होतं आणि शेवटच्या टप्प्यात चालताना ‘लिबपीक्यू.एसओ.५’ सापडत नाही म्हणून पडतं. बांधायला डेव्ह पॅकेज लागतं, चालवायला त्याचं साधं पॅकेज. शेवटच्या टप्प्यात ‘लिबपीक्यू५’ टाकायला विसरू नका.

पायरी ५ : रुबी वर नेली आणि नेहमीची गोष्ट गायब झाली

रुबी अधूनमधून काही लायब्ऱ्या आपल्या पोटातून बाहेर काढते. ३.० मध्ये ‘वेबरिक’ गेलं. ३.१ मध्ये ‘नेट-एसएमटीपी’ आणि त्याची भावंडं वेगळी झाली. ३.४ मध्ये ‘सीएसव्ही’, ‘बेस६४’, ‘बिगडेसिमल’, ‘म्युटेक्स_एम’ यांची पाळी आली. वेबरिक सोडलं तर ती रुबीसोबत येतात, पण बंडलरखाली चालताना जेमफाइलमध्ये नाव नसेल तर ‘कॅनॉट लोड सच फाइल’ ऐकावं लागतं. उपाय एका ओळीचा आहे: ते जेम जेमफाइलमध्ये लिहा.

रुबी ३.१ सोबत साइक ४ आलं आणि यामल (कॉन्फिग लिहायचा साधा मजकूर-प्रकार) वाचण्याची पद्धत कडक झाली. जुन्या रेल्सवर डेटाबेसची यामल फाइल वाचताना ‘अननोन एलियस: डिफॉल्ट’ आलं, तर यामल फाइल मोडू नका, आधी रेल्स त्याच मालिकेतल्या शेवटच्या पॅच आवृत्तीवर आणा.

रेल्स आणि रुबी एकाच दिवशी वर नेऊ नका. रेल्स ७.० ला किमान रुबी २.७, ७.२ ला ३.१ आणि ८.० ला ३.२ लागते. या पायऱ्या धरून आलटून पालटून चढलात, तर मोडलेली गोष्ट कोणी मोडली ते कळतं.

पायरी ६ : फक्त प्रॉडक्शनमध्येच बूट होत नाही

डेव्हलपमेंटमध्ये क्लास लागेल तेव्हा लोड होतो, प्रॉडक्शनमध्ये सगळे सुरुवातीलाच. त्यामुळे कधीच न उघडलेली एखादी फाइलही तिथे ॲप पाडू शकते. डिप्लॉयआधी ‘बिन/रेल्स झाइटवर्क:चेक’ चालवा, काही सेकंदांचं काम आहे. ‘एपीआय’सारख्या संक्षेपांची नावं इन्फ्लेक्शन्समध्ये (नावांचे नियम लिहायची फाइल) सांगितली नसतील तर ते लगेच पकडलं जातं. मॅकची फाइल सिस्टिम सहसा लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, लिनक्सची करते. फाइलच्या नावातलं एक कॅपिटल अक्षर मॅकवर खपून जातं आणि सर्व्हरवर अडतं.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे जेमफाइलमधले ग्रुप. डेव्हलपमेंट किंवा टेस्ट ग्रुपमधलं जेम कुठेतरी थेट वापरलेलं असतं, आणि सर्व्हरवर ते ग्रुप बसवलेलेच नसतात. हे लॅपटॉपवर बघायचं असेल, तर रिपॉझिटरी वेगळ्या फोल्डरमध्ये क्लोन करा, ‘बंडल कॉन्फिग’मध्ये ते दोन ग्रुप वगळा आणि प्रॉडक्शन एन्व्हायर्नमेंटमध्ये कन्सोल उघडा.

तिसरं कारण मास्टर की, म्हणजे ॲपची गुपितं उघडणारी किल्ली. ती गिटमध्ये नसते, आणि नसावीच. सर्व्हरवर ती ‘रेल्स_मास्टर_की’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या. ‘मेसेजएन्क्रिप्टर::इन्व्हॅलिडमेसेज’ दिसलं तर की आहे, पण चुकीची आहे. इमेज बांधताना फक्त ॲसेट्ससाठी खरी की द्यावी लागू नये म्हणून रेल्स ७.१ पासून ‘सीक्रेट_की_बेस_डमी=१’ची सोय आहे. ती वापरा, म्हणजे खरी की इमेजच्या थरात अडकून राहणार नाही.

पायरी ७ : ॲसेट्स

वेबपॅकर (रेल्समधलं जावास्क्रिप्ट बांधणारं जुनं साधन) अजून वापरात असेल आणि ‘ईआरआर_ओएसएसएल_ईव्हीपी_अनसपोर्टेड’ आलं असेल, तर नोड १७ किंवा त्यापुढची आहे. वेबपॅक ४ एमडी४ हॅश वापरतो आणि या नोडसोबतच्या ओपनएसएसएल ३ मध्ये तो सहज मिळत नाही. ‘--ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर’ने आजचं डिप्लॉय पार पडेल. पण वेबपॅकर २०२२ मध्येच निवृत्त झाला आहे, तेव्हा त्यातून बाहेर पडण्याचं काम यादीत आत्ताच लिहा.

कुठलाही एरर न देता नुसतं ‘किल्ड’ किंवा एक्झिट कोड १३७ आला, तर मेमरी संपून कर्नलने प्रोसेस मारली असण्याची शक्यता मोठी. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) त्याची नोंद सापडते. छोट्या सर्व्हरवर स्वॅप जोडा, नाहीतर ॲसेट्स दुसरीकडे बांधा.

पायरी ८ : सगळं हिरवं, पण ५०२

एन्जिनएक्स चालू आहे आणि प्युमापर्यंत (रेल्स ॲप चालवणारा सर्व्हर) पोहोचत नाही, हाच बहुतेक वेळा ५०२ या एररचा अर्थ. एन्जिनएक्सच्या एरर लॉगमधला आकडा बघा. २ असेल तर सॉकेट फाइलच नाही: प्युमा उठलेला नाही किंवा पाथ वेगळा आहे. १११ असेल तर त्या पत्त्यावर कोणी ऐकत नाही. १३ असेल तर परवानगी नाही. उबुंटू २१.०४ पासून होम डिरेक्टरी इतरांना बंद असते, त्यामुळे ॲप होममध्ये ठेवलं असेल तर एन्जिनएक्सचा युजर आत शिरूच शकत नाही. ॲप ‘व्हार’खाली हलवणं हा स्वच्छ उपाय.

ब्राउझर ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणत असेल, तर एसएसएल प्रॉक्सीवर संपतंय आणि ते रेल्सला कोणी सांगितलेलं नाही. ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर पुढे पाठवा, रेल्स ७.१ पासून ‘अझ्यूम_एसएसएल’ हाही पर्याय आहे.

साइडकिक किंवा तसा वर्कर (मागे जॉब चालवणारी प्रोसेस) असेल तर तो रीस्टार्ट झालाय का, तेही बघा. वेबसाठी नवा कोड, जॉबसाठी जुना, अशा अवस्थेत ॲप कित्येक तास चालतं आणि मगच कुणाच्या तरी लक्षात येतं.

पायरी ९ : मागे फिरताना

कॅपिस्ट्रानो या डिप्लॉयच्या साधनाचं रोलबॅक ‘करंट’ची लिंक आधीच्या रिलीजकडे वळवतं, ‘कमाल’ हे दुसरं साधन कंटेनरची आधीची इमेज उठवतं. डेटाबेस मात्र दोन्ही मागे नेत नाहीत. त्यामुळे नवं मायग्रेशन जुन्या कोडलाही चाललं पाहिजे.

कॉलम काढणं हे याचं सगळ्यात धोक्याचं उदाहरण. चालू प्रोसेसने कॉलमची यादी आधीच मनात ठेवलेली असते. मायग्रेशनने कॉलम काढला की पुढच्या सेव्हला ती प्रोसेस नसलेल्या कॉलममध्ये लिहायला जाते. म्हणून दोन डिप्लॉय करा. पहिल्यात मॉडेलमध्ये तो कॉलम ‘इग्नोर्ड_कॉलम्स’मध्ये टाका आणि वर्करसकट सगळ्या प्रोसेस नव्या कोडवर आल्याची खात्री करा. दुसऱ्यात मायग्रेशन चालवून कॉलम काढा. ‘इग्नोर्ड_कॉलम्स’ची ओळ त्यानंतरच पुसा.