आंब्याची पेटी मोबाईलवरून थेट विकायची असेल तर

आमची देवगडकडं हापूसची बाग आहे, आधी सगळा माल वाशीच्या घाऊक बाजारात दलालाकडे जायचा आणि पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशोब) येईल तो भाव पदरात. आता निम्म्याहून जास्त पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या घरांत जातात, आणि हे जमलं ते फक्त मोबाईलमुळे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं नि नेट एवढं स्वस्त झालं की आज्जीपण व्हिडिओ बघायला लागली, त्याच वर्षी यूपीआय आलं, २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आलं. गिऱ्हाईक, पैसे आणि दुकान तिन्ही एकाच स्क्रीनवर आलं. फायदा करून घ्यायचा तर काय करायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे धंद्याचा वेगळा नंबर घ्या आणि तो परत कधीच बदलू नका. त्यावर बिझनेस अ‍ॅप टाका, बागेचं नाव, गाव, वेळ भरा, कॅटलॉगमध्ये पेट्या टाका. नुसतं "मोठा आंबा, मध्यम आंबा" लिहू नका, पेटीत किती डझन, एक फळ साधारण किती ग्रॅमचं आणि घरपोच भाव किती ते लिहा, नाहीतर दिवसभर "रेट काय?" एवढ्यालाच उत्तरं देत बसाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक जण चुकतात. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या, एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. पहिल्या वर्षी मला हे माहितीच नव्हतं, दोन याद्या भरून मेसेज टाकले आणि ऑर्डरी आल्या अकरा! तेव्हापासून प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी घालतो, बागेचं नाव, नंबर, आणि "हा नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी पहिली तोड कधी ते कळवू". आणि कुणाला न विचारता ग्रुपमध्ये ओढू नका, लोक वैतागतात, ब्लॉक करतात, रिपोर्ट जास्त झाले तर नंबरच बंद पडतो.

स्टेटस मात्र रोज टाका आणि सुरुवात मोहोरापासून करा, मार्चपर्यंत थांबू नका. मोहोर आला, धुकं पडलं, फवारणी केली, कणी (बारीक फळं) धरली, अवकाळीने गळ झाली, सगळं दाखवा. गिऱ्हाईकाने झाड तीन महिने बघितलेलं असलं की भाव का वाढला ते सांगावं लागत नाही, आणि कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून खपवणाऱ्यांपेक्षा तुम्ही वेगळे दिसता. जीआय मानांकन, म्हणजे माल ठरावीक भागातलाच असल्याची सरकारी ओळख, हापूसला २०१८ मध्ये मिळालंय, पण ते वापरायला बागायतदाराला स्वतःची नोंदणी करावी लागते, ती केली असेल तर सर्टिफिकेटचा फोटो कॅटलॉगमध्ये टाकाच.

व्हिडिओ उभाच काढा, सकाळच्या उजेडात, अर्ध्या मिनिटाचा. बरेच लोक बसमध्ये नाहीतर ऑफिसात आवाज बंद करून बघतात, म्हणून मुद्द्याचं वाक्य व्हिडिओवर लिहा. आमच्याकडे बागेत रेंज नसते, मी संध्याकाळी सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) जाऊन अपलोड करतो.

गूगल मॅपवर बागेची नोंद फुकट होते, तीपण करा, नवीन माणूस तिथले रिव्ह्यू वाचूनच फोन करतो.

पैशांचं जपून. पेमेंटचा स्क्रीनशॉट बघून पेटी सोडू नका, आपल्या खात्यात जमा झालेत का ते बघा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कुणी टाकायला सांगितला तर सरळ फोन ठेवा. आमच्या शेजाऱ्यांचे ऐन सीझनमध्ये असेच गेले, फार वाईट वाटलं.

पेटी पोचायच्या दिवशी एक छोटा व्हॉइस मेसेज पाठवा, आंबा पेंढ्यातच ठेवा, कच्चा असताना फ्रीजमध्ये घालू नका, हात लावून मऊ लागला आणि वास सुटला की कापा. साका (आतला गर पांढरट, खराब) निघाला तर फोटो मागवा आणि वाद न घालता फळ बदलून द्या किंवा पैसे परत करा, तोच माणूस पुढच्या वर्षी सोसायटीतल्या चार जणांना तुमचा नंबर देतो.

मे संपला की एका संध्याकाळी बसून प्रत्येक चॅटला लेबल लावा, कुणी किती पेट्या घेतल्या, कुणाला लहान फळ आवडतं, कुणाला अक्षय्य तृतीयेलाच हवा असतो. फेब्रुवारीत पहिला मेसेज याच लोकांना जाऊदे, नाव घालून, एकेकाला वेगळा.