शस्त्रक्रियेनंतर घोडीला पुन्हा फळवताना

घोडीच्या एका अंडाशयातील ग्रॅन्युलोसा पेशींची (अंड्याभोवतीच्या, संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची) गाठ अंडाशयासह काढल्यानंतर उरलेले अंडाशय लगेच कामाला लागत नाही. गाठीतील संप्रेरकांमुळे दबलेले ते साधारणपणे 6 ते 8 महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, पुन्हा अंडे सोडू लागते, म्हणून तोवर माजाच्या नोंदी ठेवाव्यात, घाई करू नये. हवा व घाण आत जाऊ नये म्हणून योनिमुखाचा वरचा भाग शिवला असेल, तर सुमारे 11 महिन्यांच्या गर्भकाळाच्या अखेरीस, विण्याआधी एक-दोन आठवडे, ती शिवण पशुवैद्यकाकडून उघडून घ्यावीच. हे राहून गेल्यास विताना तो भाग वेडावाकडा फाटतो. फळवण्यापूर्वी गर्भाशयाची सोनोग्राफी व स्रावाची तपासणी करावी, कारण बाहेरची जखम भरली तरी आत संसर्ग असू शकतो.